उतरून ढकलताना

वडणग्याहून कोल्हापुरात येताना शिवाजी पूल ओलांडला की तोरस्कर चौकापर्यंत रस्ता चढत जातो. मोटारसायकलवरच्या माणसाला हा चढ जाणवतसुद्धा नाही. मला तो अजून जाणवतो, कारण त्या चढाला आण्णा, माझे वडील, सायकलवरून उतरायचे. पुढच्या दांडीवर मी, मागे कॅरिअरला त्यांचा जेवणाचा डबा आणि हँडल धरून चालणारे आण्णा. उद्यमनगरात लेथवर काम होतं त्यांचं, वेळेवर पोचावं लागायचं. शेजारून माणसं पेडलवर उभी राहून जोर काढत पुढे जायची. मला वाटायचं, आण्णांनीही तसंच उभं राहून सायकल मारावी, सगळ्यांना मागे टाकावं. एकदा मी ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, "चढाला उतरायचं असतंय. तिला बी दम खाऊ दे." तिला म्हणजे सायकलीला.

चाळीस वर्षांनी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी एकटी सायकलवरून कोल्हापूरहून कोकणात उतरले. गगनबावडा, करूळ घाट, विजयदुर्ग, तिथून किनाऱ्याने देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले आणि आंबोली घाटाने परत वर. आठ दिवस, साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर. या एवढ्या रस्त्यात मला जी माणसं भेटली ती जवळजवळ सगळी चढावर भेटली. उतारावर एकही नाही. परत आल्यावर हे लक्षात आलं आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही.

एकटीने का, हे सगळ्यांनी विचारलं. चार वर्षं मी पहाटेच्या ग्रुपबरोबर सायकल चालवते आहे. रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा. माणसं प्रेमळ आहेत, पंक्चर झालं तर पाचजण मदतीला उभे राहतात. पण चढ सुरू झाला की कुणी बोलत नाही. ज्याची त्याची नजर पुढच्या टायरवर. या चार वर्षांत मी पन्हाळ्याच्या रस्त्यावर एकदाही पाय टेकला नाही आणि त्या रस्त्याकडेला काय आहे हे मला धड सांगताही येणार नाही. करवंदीच्या जाळ्या आहेत हे मला गाडीतून जाताना कळलं. म्हणून एकदा तरी आपल्याच दमाने, थांबावंसं वाटेल तिथे थांबत, दूरवर जायचं मनात होतं. बँकेतली रजा साठली होती, लेक पुण्यात शिकायला आणि घरच्यांनी पहिल्यांदा "नको" म्हणून नंतर पिशव्या बांधायला मदत केली. आण्णांना सांगायला वडणग्याला गेले तर त्यांनी एवढंच विचारलं, "ब्रेक बघून घेतलेस काय?"

डिसेंबरातली पहाट होती. गंगावेशीत म्हशीची धार काढून समोरच पेल्यात देतात ते फेसाळ दूध प्यायले आणि रंकाळ्याच्या कडेने फुलेवाडीला लागले. ऊसतोडीचे दिवस. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून येत होते. ते शेजारून जातात तेव्हा उसाची वाढी गालाला लागेल इतकी जवळ येतात आणि वाऱ्याचा झोत सायकलला आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. बालिंग्याला भोगावती ओलांडली. कुडित्र्याच्या आसपास हवेत कारखान्याच्या मळीचा वास, कळ्याच्या पुढे एका गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा. उजव्या हाताला पन्हाळ्याची रांग बराच वेळ सोबत होती. मग ऊस विरळ झाला, कुंभी नदीचं खोरं अरुंद झालं, भाताची कापलेली खाचरं दिसू लागली आणि असळजच्या पुढे झाडी दाटत गेली. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. चढ आहे, पण असा हळूहळू की तो आपल्याला कळू न देता वर नेतो.

गगनबावड्याला सह्याद्री एकदम संपतो. गाव संपतं, रस्त्याला फाटा फुटतो, एक भुईबावड्याकडे आणि एक करूळकडे, आणि समोर जमीनच नसते. खाली धुरकट निळं कोकण. करूळ घाट रुंदीकरणासाठी मध्यंतरी बराच काळ बंद होता, त्यामुळे कितीतरी दिवसांनी मी तो पाहत होते. दहा-बारा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरच्या आसपास उतार. मी तीनदा थांबले ते ब्रेक थंड व्हावेत म्हणून. बोटं आखडली होती. दरीत काय होतं, वळणावर कोण होतं, मला काही आठवत नाही. फक्त वारा, पुढचं वळण आणि ब्रेकच्या पट्ट्यांचा करपट वास. अर्ध्या-पाऊण तासात मी वैभववाडीच्या बाजूला होते. हवा बदललेली, अंगावरचं जाकीट नकोसं झालेलं.

घाट उतरला की आता सगळं सपाट, समुद्रापर्यंत नुसती घसरण, असं आम्हा वरच्या लोकांना वाटतं. नकाशात किनारा पाहिला की डोळ्यांना तो पाण्याच्या पातळीवरचा सरळ रस्ता वाटतो. प्रत्यक्षात दक्षिण कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे, कातळाची उघडी पठारं. मुसळधार पाऊस आणि उष्णता यांनी खडक युगानुयुगं झिजत गेला, त्यातलं विरघळणारं ते वाहून गेलं, लोह मागे राहिलं आणि तो तांबडा, भोकाभोकांचा जांभा झाला. खाणीतून काढताना तो मऊ असतो, करवतीने कापला जातो, हवा लागली की कठीण होतो. त्याचेच चिरे, त्याचीच घरं, त्याचेच गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती. या सड्यांना सह्याद्रीतून येणाऱ्या आखूड, घाईच्या नद्यांनी आणि खाड्यांनी जागोजागी चिरलं आहे. गावं खाली, खाडीच्या तोंडाशी, माडांच्या सावलीत. रस्ता मात्र एका गावातून वर सड्यावर चढतो, उघड्या कातळावरून तीन-चार किलोमीटर धावतो, मग एकदम खाडीत उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा वर. दिवसभर हेच. कुणकेश्वरहून मालवणला गेले त्या दिवसाच्या चढांची बेरीज संध्याकाळी मोबाईलवर पाहिली, ती आंबोली घाटाच्या जवळपास भरली. घाट एका दमात जेवढं मागतो तेवढंच किनारा वीस तुकड्यांत मागतो आणि प्रत्येक तुकडा घाटापेक्षा उभा असतो.

त्यातला पहिला तुकडा तळेऱ्याहून विजयदुर्गला जाताना आला. मुटाटच्या अलीकडे एका वळणावर रस्ता असा उभा राहिला की सर्वांत हलका गिअर टाकूनही पुढचं चाक उचलायला लागलं. कॅरिअरवर दोन पिशव्या, मागे ओढ. मी दात आवळून मारत राहिले. छातीत ठोके कानापर्यंत ऐकू येत होते. आणि मग मी उतरले. चार वर्षांत पहिल्यांदा. खाली उतरल्याबरोबर जे झालं ते मला नीट सांगायचं आहे. आवाज आले. इतका वेळ फक्त माझा श्वास होता. आता गडग्यापलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, वर झाडात पाखरं होती, खाली कुठेतरी व्हाळाचं पाणी वाजत होतं. आणि माझ्या पुढे दहा पावलांवर डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली एक आजी चालली होती. ती तिथे आधीपासून असणार. मला दिसली नव्हती.

"काय झाला गो? पंचर?"

"नाही आजी. चढ जमत नाही."

"मगे चल. मी पण चलतंय."

आम्ही चाललो. मी कोल्हापूरहून आले म्हटल्यावर तिने भाऱ्याखालूनच हात कपाळाला लावला, "अंबाबाय!" तिला कधी जाता आलं नव्हतं, पण नवऱ्याने एकदा कुंकू आणलं होतं तिथून. चढाच्या मध्यावर ती थांबली. भारा खाली ठेवला नाही. चिऱ्यांच्या एका गडग्याला पाठ लावून तिने तो डोक्यावरून नुसता गडग्यावर टेकवला, मान मोकळी केली आणि मला म्हणाली की खाली ठेवलं तर परत उचलायला दुसरं माणूस लागतं, म्हणून ज्या उंचीवर डोकं असतं त्याच उंचीवर टेकवायचं. त्या गडग्याचा माथा तेवढ्या भागात गुळगुळीत झालेला होता. किती बायकांनी, किती वर्षं तिथे ओझी टेकवली असतील. मी सायकलवर असते तर तो गडगा मला फक्त गडगा दिसला असता.

विजयदुर्गला पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. वाघोटन खाडीच्या तोंडावर तीन बाजूंनी पाणी असलेला किल्ला, एकाबाहेर एक तटांचे तीन पदर. तो मूळचा शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने बांधला असं मानतात. हा भोज पन्हाळ्यावरून राज्य करायचा. मी दोन दिवस जो रस्ता तुडवत आले तो आठशे वर्षांपूर्वीही कुणीतरी वरून खाली आणि खालून वर चालत होतं, हे तटावर बसल्यावर मला पुस्तकातल्यासारखं न वाटता पायांना पटलं. पुढे शिवाजी महाराजांनी तो घेतला, कान्होजी आंग्र्यांनी त्याचा दरारा बसवला आणि १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रजांच्या आरमाराने तो तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला. खाली जेटीवर जाळी वाळत होती. रात्री एका घरगुती खानावळीत बांगडा, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. वाढणाऱ्या वहिनींनी "एकट्याच?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आणखी एक भाकरी टाकली.

हा प्रश्न सगळीकडे आला. घाटावर तो "एकट्याच निघालाय?" असा यायचा आणि त्यात काळजी असायची, थोडा ओरडाही. खाली "एकटीच?" यायचा आणि त्यामागून लगेच "जेवलंस?". मी आधी दोन्हींना तेच उत्तर द्यायचे, की हो, सवय आहे. ते खरं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून मी खरं सांगू लागले, की पहिल्यांदाच आले आहे आणि संध्याकाळ झाली की थोडं धास्तावते. खरं सांगितलं की बायका स्वतःचं सांगायला लागतात. पडेल कॅन्टीनला चहा पिताना शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, तिचा नवरा मुंबईला असतो, बावीस वर्षं ती घरात एकटीच झोपते, आणि सुरुवातीला ती कोयता उशाशी घ्यायची.

विजयदुर्गहून देवगडला जाताना वाडातर लागतं. या भागातली गावांची नावं मोठी बोलकी आहेत. तर म्हणजे होडीने खाडी ओलांडायची जागा. पुढे मालवणहून कुडाळकडे जाताना कर्ली नदीवर नेरूरपार येतं, तिथे तर नावातच पलीकडचा काठ आहे. आता सगळीकडे पूल झाले, देवगडहून कुणकेश्वरला जाताना तारामुंबरी आणि मिठमुंबरी यांच्यामध्येही पूल आहे आणि त्यामुळे मोठा वळसा वाचतो. पण नावं अजून होडीची वाट बघत उभी आहेत. सायकलवर मला ती समजली, कारण मोटारीतून आपण पुलावरून जातो तेव्हा खाडी म्हणजे खिडकीतून दिसणारं पाणी. सायकलवर खाडी म्हणजे सड्याची सगळी उंची गमावणं. पुलावर पोचताना कळतं की समोरच्या सड्यावर आता तेवढंच परत चढायचं आहे.

वाडातरचा तो परत चढायचा चढ मी सरळ चालतच गेले. वाटेत एक गृहस्थ पाठीवर फवारणीचा पंप घेऊन येत होते. त्यांची कलमांची बाग वर सड्यावर. मी विचारलं, तेही थांबून सांगत राहिले, आणि मला वाटतं आंब्याबद्दल मी आयुष्यभरात शिकले नव्हते तेवढं त्या एका चढात शिकले. वर नुसता कातळ होता, गवतसुद्धा पावसाळ्यापुरतं. त्यांच्या वडिलांनी सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले, खालून डोक्यावरून माती वाहून नेली, खड्डे भरले आणि मग हापूसची कलमं लावली. "आधी माती आणलेली आसा, मगे कलम," ते म्हणाले. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातला देवगडचा आंबा या खड्ड्यांतला. आता मोहोर येत होता, पण चार दिवस ढगाळ हवा होती. ढगाळलं की तुडतुडे वाढतात, मोहोरावर भुरी येते, आणि वर्षाचं पीक त्या आठवड्यात ठरतं. बोलताना त्यांची नजर सारखी वर आभाळाकडे जात होती. मी सायकलस्वार म्हणून त्या ढगांवर खूश होते, ऊन नव्हतं म्हणून. त्यांना ते बोलले नाही.

कुणकेश्वरला रात्री लाटांचा आवाज मंदिराच्या आवारापर्यंत येत होता. पहाटे समुद्र इतका मागे सरला होता की वाळू आरशासारखी झाली होती. मी चप्पल हातात घेऊन तासभर चालले. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. समुद्राबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे आणि मला त्या सकाळी फक्त गप्प बसावंसं वाटलं होतं.

मला त्याच दिवशीच्या दुपारबद्दल लिहायचं आहे. मिठबावच्या पुढे एका उतारावर खड्ड्यात चाक आपटलं आणि मागची तार तुटली. ट्रिंग असा आवाज, मग रिंग डुलायला लागली, ब्रेकला घासायला लागली. ब्रेक सैल करून मी चालू लागले. वर सडा. दोन्ही बाजूंना पिवळं वाळलेलं गवत, मधे काळपट लाल कातळ, झाड एक नाही. आणि तिथे एक मोटारसायकल मागून आली, पुढे गेली, थांबली, मी जवळ गेल्यावर पुन्हा चालू झाली, पुन्हा थांबली. तो काही बोलला नाही. फक्त थांबत राहिला. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिलेलं मलाच अर्धवट वाटेल. माझे हात गार पडले होते. मोबाईलला रेंज एक काडी. मी पाठीमागे वळून बघायचं नाही असं ठरवलं आणि समोर जिथे धूळ उडत होती तिथे नजर लावून सायकल ढकलत राहिले.

ती धूळ चिरेखाणीची होती. खाणीवर एक बाई पत्र्याच्या आडोशाला भाकरी थापत होती. विजापूरकडची असावी. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे रस्त्यावर उभ्या मोटारसायकलीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "कुंद्री अक्का." बस ताई. कोल्हापूरच्या माणसाला एवढं कानडी येतं. मी बसले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खाणीतल्या दोघा माणसांना हाक मारून नुसतं वर बोलावलं. ते वर येऊन उभे राहिले. मोटारसायकल निघून गेली. कुणी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. तिने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, मी खाल्ली, मग मला रडू आलं, तेव्हाही तिने काही विचारलं नाही, पुढची भाकरी थापत राहिली. तिच्या घरापासून ती माझ्यापेक्षा कितीतरी दूर होती. हे मी आण्णांना अजून सांगितलेलं नाही.

खाणीवरचा एकजण माझ्याबरोबर खालच्या गावापर्यंत चालत आला. तिथे एका घराच्या पडवीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे एका खांबाला लटकवलेले चार टायर आणि एक पेटी. दुकानदार सत्तरीचे. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं, नुसत्या बोटाने तारा छेडत गेले आणि कुठली सैल, कुठली ताठ ते आवाजावरून ओळखलं. माझ्या मापाची तार त्यांच्याकडे नव्हती. दुसरी एक घेऊन ती कापून, वळवून बसवली आणि मग अर्धा तास रिंगचा आऊट काढला. पूर्वी सीझनला, म्हणजे शाळा उघडायच्या वेळी, रांग लागायची म्हणे. आता सगळीकडे स्कूटी. त्यांनी माझे गिअर पाहिले, मोजले, आणि विचारलं, "एवढे आसान पण चलतच इलंस?" त्यांच्या स्वरात आश्चर्य नव्हतं, नुसती चौकशी होती. मी हो म्हटलं. ते म्हणाले, ही घाटी सगळेच चालतात.

ते खरं होतं, हे मी तासाभरात पाहिलं. आचऱ्याच्या अलीकडच्या चढाला शाळा सुटलेल्या सात-आठ मुली सायकली घेऊन चालल्या होत्या. चढाच्या पायथ्याला सगळ्या एका वेळी उतरल्या. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. उतरताना बोलणं तुटलं नाही. दप्तरं कॅरिअरला, हँडल एका हाताने धरलेलं, दुसऱ्या हाताने बोरं वाटणं चाललेलं. त्यांच्या चेहऱ्यावर दमल्याचं काही नव्हतं. वर्गात काय झालं ते त्यांना इथेच बोलायचं असणार, उतारावर वाऱ्यात ऐकू येत नाही. मी त्यांच्यात मिसळले. एकीने मला बोरं दिली, दुसरीने माझी बेल वाजवून पाहिली. "काकी, हय उतरूचाच लागता," तिसरी मला समजावून म्हणाली, जणू मला वाईट वाटत असेल. मला आण्णा आठवले. दांडीवर बसलेली मी आठवले, शेजारून पुढे जाणाऱ्यांकडे बघत बसलेली. त्या चढावर आण्णा माझ्याशी बोलायचे. रोज. लेथवर काय जॉब आलाय, कुणाचं लग्न ठरलंय, पंचगंगेला पाणी किती चढलंय. सपाटीला ते बोलायचे नाहीत, दम पुरायचा नाही. हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

चढ संपला तशा मुली टपाटप सायकलींवर बसल्या आणि ओरडत उताराला लागल्या. मी मागे राहिले.

मालवणला एक दिवस जास्त राहिले. सिंधुदुर्ग पाहिला, १६६४ मध्ये पाया घातलेला तो समुद्रातला तट, आणि आत शिवराजेश्वराचं देऊळ. मालवण बंदर १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होतं, मग तहात इंग्रजांकडे गेलं. होडीवाल्याला मी कोल्हापूरची म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमचोच किल्लो." वेंगुर्ल्यापर्यंतचा दिवस परुळ्याच्या बाजूने चांगला गेला, आणि त्यात सांगण्यासारखं एवढंच की पायांना आता चढाची भीती उरली नव्हती. चढ दिसला की मी आधीच ठरवायचे, त्या फणसापर्यंत बसून, तिथून पुढे पायी.

सावंतवाडीहून आंबोली साधारण तीस किलोमीटर, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर. दाणोलीनंतर घाट सुरू झाला. मी निम्मा घाट चालले असेन. ग्रुपमध्ये हे कळलं तर काय म्हणतील, हा विचार घाटाच्या पहिल्या वळणावर आला आणि तिसऱ्या वळणावर गेला. एका वळणावर चाक बदलत बसलेला ट्रकवाला भेटला. माझ्या तोंडून "काय झालं हो?" ऐकून त्याने मान वर केली, "कुठलं गाव म्हणायचं?" तो गडहिंग्लजचा. खालून वर येताना आपल्या बोलीचा माणूस भेटला की घाट संपत आल्याचं कळतं. त्याने जॅक फिरवत फिरवत मला ऊस, पोरगीचं कॉलेज आणि डिझेल असं सगळं सांगितलं. मी त्याच्या चाकाचे नट हातात धरून उभी होते.

आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ, पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते, आजऱ्यावरून, गडहिंग्लजवरून घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. मी तिच्याबरोबर आजऱ्याला उतरले. तिथे रात्री घनसाळ तांदळाचा भात खाल्ला, त्याचा वास मुक्कामाच्या खोलीपर्यंत आला होता. शेवटच्या दिवशी उत्तूर, निपाणी आणि मग हायवे. हायवेबद्दल काही सांगण्यासारखं नाही. कागल आलं, पुन्हा ऊस आला, पुन्हा गाणी लावलेले ट्रॅक्टर.

मी घरी न जाता आधी वडणग्याला गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते. तोरस्कर चौकातून पुलाकडे उतरताना ब्रेक लावत सावकाश उतरले. आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे नंतर पाहिलं. आधी सायकलीकडे. उठले, अंगठ्याने टायर दाबला, चाक उचलून फिरवलं, मागच्या चाकाची वेगळी तार त्यांना लगेच दिसली. त्या तारेवरून बोट फिरवत म्हणाले, "हाताचा माणूस हाय हं ज्यानं बसवलीय ती." मग चेनगार्डखाली साचलेली लाल माती नखाने खरवडली, दोन बोटांत चोळून पाहिली.

"चढाला उतरलीस काय?"

"उतरले."

"कितींदा?"

आईने चहा आणला. मी पायरीवर बसले, बूट काढले आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा उतरले ती मुटाटच्या अलीकडे, आणि तिथे पुढे एक आजी चालली होती, डोक्यावर लाकडांचा भारा.